वहीत तीनदा लिहिलं होतं, ‘राइट ब्रेक स्पंजी’

(वाचकांचे प्रश्न, विमान देखभाल इंजिनियरची उत्तरं. या वेळी सगळी पत्रं ब्रेकवरचीच घेतलीत, कारण पहिलं पत्र वाचल्यावर दुसरा विषय डोक्यात येईना.)

प्रश्न : सर नमस्कार. माझी मुलगी २१ वर्षांची आहे, सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करतेय. काही महिन्यांपूर्वी सोलो सर्किटला (एकटीने रनवेभोवती फेरी मारून उतरायच्या सरावाला) असताना तिच्या सेसना १५२ या छोट्या शिकाऊ विमानाचा लँडिंगनंतर अपघात झाला. टचडाऊन, म्हणजे चाकं टेकणं, सेंटरलाइनवर, अगदी व्यवस्थित झाला होता. मग तिने दोन्ही ब्रेक दाबले तर उजवं पेडल सरळ खाली गेलं, डावा ब्रेक लागला, आणि विमान डावीकडे ओढलं जाऊन रनवेबाहेर मुरुमात घुसलं. पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर जमिनीला लागला. देवाची कृपा म्हणून तिला फक्त खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला. रिपोर्टमध्ये ब्रेकच्या देखभालीत त्रुटी असं स्पष्ट लिहिलंय, पण ‘शिकाऊ पायलटला दिशा राखता आली नाही’ असंही एक वाक्य आहे. पोरगी ते एकच वाक्य रोज वाचत बसते. खरंच तिची चूक होती का हो? रिपोर्टची पानं आणि फोटो सोबत पाठवतेय. — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, पानं दोनदा वाचली, फोटो मोठे करून बघितले. क्लबचं नाव इथे छापत नाही, पण जे दिसलं ते सगळं सांगतो आणि हे तुमच्या लेकीला जवळ बसवून वाचून दाखवा.

आधी हा ब्रेक चालतो कसा ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सेसना १५२ ला ब्रेक फक्त मागच्या दोन मुख्य चाकांना असतो, पुढच्या चाकाला नसतोच. पायाखाली जी रडरची (शेपटीवरच्या वळवणाऱ्या पात्याची) दोन पेडल्स असतात त्यांचा वरचा भाग पंजाने दाबला की ब्रेक लागतो, डाव्या पायाने डावं चाक आणि उजव्या पायाने उजवं. दोन्हीचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. प्रत्येक पेडलला तेलावर दाब आणणारा स्वतःचा मास्टर सिलेंडर, तेलाची इवलीशी टाकीसुद्धा त्या सिलेंडरच्या पोटातच, तिथून एक नळी खाली चाकापर्यंत, आणि चाकापाशी, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरणारा कॅलिपर, त्यात एक पिस्टन, पिस्टनभोवती एक रबरी ओ-रिंग. कारसारखं नाही की एक पेडल दाबलं आणि चारही चाकं धरली. त्यामुळे एका बाजूचा ब्रेक गेला तर विमान नुसतं कमी थांबत नाही, ते चांगल्या ब्रेकच्या बाजूला वळतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत अगदी तेच झालंय.

आता फोटो क्रमांक ४ काढा, उजव्या चाकाच्या डिस्कचा. त्याच्यावर गोल गोल चऱ्या दिसतायत ना, रेकॉर्डवर असतात तशा? त्या लायनिंगच्या पितळी रिव्हेटने पाडल्यात. लायनिंग म्हणजे आपण गाडीला ब्रेक पॅड म्हणतो ते, इथे ते पत्र्याच्या प्लेटवर रिव्हेट मारून बसवलेलं असतं. या प्रकारच्या ब्रेकला लायनिंगची कमीत कमी जाडी २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग, त्याच्या खाली गेलं की काढून टाकायचं, त्यात चर्चेला जागा नाही. रिव्हेटचं डोकं डिस्कला घासायला लागलं याचा अर्थ ते लायनिंग त्या मर्यादेच्या किती तरी खाली गेलं होतं, आणि ते काही एका दिवसात होत नाही. ५० तासांच्या आणि १०० तासांच्या तपासणीत हे बघायचंच असतं. टॉर्च मारला की दिसतं, चाकसुद्धा काढावं लागत नाही.

आणि झिजलेल्या लायनिंगचा परिणाम नुसता कमी ब्रेक लागणं एवढाच नसतो, लोक इथेच फसतात. लायनिंग पातळ झालं, डिस्कही झिजून पातळ झाली, की पिस्टनला डिस्कपर्यंत पोचायला जास्त बाहेर यावं लागतं. जास्त बाहेर आला की तो रोज जिथे बसत नाही अशा जागी येतो, जिथे धूळ आणि गंज साठलेला असतो, आणि तिथे ओ-रिंग खरचटते. खरचटली की थेंब थेंब तेल जातं. टाकी मुळातच एवढीशी, त्यामुळे थोडं तेल गेलं तरी हवा आत शिरायला वाट होते, आणि तेलात हवा आली की पेडल दाबल्यावर पायाला कापसाचा बोळा दाबल्यासारखं लागतं. यालाच स्पंजी म्हणतात. म्हणजे स्पंजी पेडल हे या सगळ्या साखळीचं शेवटचं टोक आहे, जे पायलटच्या पायाला लागतं.

आता रिपोर्टमधलं ते पान, ज्यात स्नॅग रजिस्टरची, म्हणजे बिघाड लिहायच्या वहीची, नोंद आहे. १९ दिवसांत तीन वेळा, तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलंय, ‘राइट ब्रेक स्पंजी’. आणि तिन्ही वेळा शेजारच्या रकान्यात एकच उत्तर, ‘ब्लीड केला, चेक केला, सॅटिस्फॅक्टरी’. ब्लीड करणं म्हणजे गॅरेजवाले ज्याला एअर काढणं म्हणतात ते. एअर काढली की पेडल कडक होतं, एकदम नव्यासारखं लागतं, सही करणाऱ्याला वाटतं झालं काम. पण ही हवा आली कुठून? बंद नळीत हवा आपोआप तयार होत नाही, ती कुठून तरी शिरलीये, आणि जिथून शिरली ती वाट उघडीच राहिली. पहिल्या वेळी एअर काढून विमान सोडलं असेल तर मी एक वेळ समजू शकतो. दुसऱ्या वेळी तीच तक्रार, त्याच चाकाची, तर कॅलिपर उघडायलाच पाहिजे होता. तिसऱ्या वेळी पण उघडला नाही, याला माझ्याकडे काहीही स्पष्टीकरण नाही आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्या विमानात नंतर एकटी बसली ती तुमची मुलगी.

मग तिची चूक होती का? सरळ सांगतो. टचडाऊननंतर वेग जास्त असतो तेव्हा शेपटीच्या रडरवर वारा असतो, रडरने दिशा सांभाळता येते. वेग उतरत गेला की रडर हलकं पडत जातं आणि काम पुढच्या चाकावर आणि ब्रेकवर येतं. तिने ब्रेक दाबले ते साधारण ४० नॉट्सला असं रिपोर्ट म्हणतो, म्हणजे सेकंदाला २० मीटर. रनवे ३० मीटर रुंद, म्हणजे सेंटरलाइनपासून कडेपर्यंत १५ मीटर. विमानाचं तोंड २० अंश जरी फिरलं तरी कड गाठायला दोन-सव्वादोन सेकंद लागतात. पुस्तकी उत्तर असं की त्या क्षणी डावा ब्रेक लगेच सोडायचा, उजवं रडर पूर्ण द्यायचं, आणि मग उजवं पेडल पटपट पंप करून काही दाब येतो का बघायचं. आता विचार करा, माणूस घसरायला लागला की जे हातात आहे ते घट्ट धरतो, आणि इथे तिने नेमका जो ब्रेक लागतोय तोच सोडायचा आहे, दोन सेकंदांत, एकटीने, आणि याचा सराव तिला कोणी दिला होता का, तर ट्रेनिंग रेकॉर्डच्या पानावर तसं काही दिसत नाही. अनुभवी माणूसही इथे चुकतो हो.

ते वाक्य रिपोर्टमध्ये आहे कारण घडलेला क्रम लिहावा लागतो, विमानाची दिशा सुटली हे खरंच आहे. पण असे रिपोर्ट ज्या आंतरराष्ट्रीय नियमावलीवर चालतात, आयकाओचं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं) अनेक्स १३, त्यात स्वच्छ लिहिलंय की चौकशीचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणं हा नाही. तेव्हा ते वाक्य म्हणजे निकाल नाही. तिला सांगा की तिने लँडिंग चांगलं केलं होतं. तिच्या पायाखालचं पेडल तिच्या आधी कुणीतरी नीट करायचं होतं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. तेच विमान दुरुस्त होऊन परत आलं तर नुसतं नवीन प्रोपेलर आणि नवीन चाक बघून समाधान मानू नका. चालू इंजिनचा प्रोपेलर जमिनीला आपटला की इंजिन उघडून आतून तपासावंच लागतं, क्रँकशाफ्टला बसलेला धक्का बाहेरून दिसत नाही. तिने परत उडायला सुरुवात करायच्या आधी ते कागद मागून बघा.

प्रश्न : मी स्टुडंट पायलट आहे, ३५ तास झालेत. प्री-फ्लाइटला (उड्डाणाआधीच्या तपासणीत) ब्रेक नेमका कसा बघायचा? आमच्याकडे एका विमानाचं डावं पेडल खोल जातं पण विचारलं तर सगळे म्हणतात ते विमान असंच आहे. — जळगावचा एक वाचक

उत्तर : कुठलंच विमान ‘असंच’ नसतं मित्रा. हे वाक्य मी इतक्या हँगरमध्ये ऐकलंय, आणि ऐकलं की मी पहिल्यांदा तेच विमान उघडायला सांगतो.

खिशात छोटा टॉर्च ठेव. मुख्य चाकापाशी उकिडवा बस, चाकाच्या आतल्या बाजूला कॅलिपर दिसेल, त्यात डिस्कच्या दोन्ही अंगांना लायनिंग, दोन्हीकडे बघ, बऱ्याचदा एक बाजू जाड आणि दुसरी पार पातळ असते. तसं असेल तर कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्यात, हे लिहून दे. मग डिस्कवरून नजर फिरव, चऱ्या आहेत का, कड धारदार झालीये का, बोट लावू नकोस नुकतंच विमान आलं असेल तर, भाजेल. पावसाळ्यात दोन-चार दिवस बाहेर उभं राहिलेल्या विमानाच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो, तो वरवरचा असेल तर टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, दोन-तीनदा हलके ब्रेक मारले की जातो, पण खड्डे पडले असतील तर तीच डिस्क पुढे कानशीसारखी लायनिंग खाते. नंतर टायरची आतली भिंत आणि खालची जमीन बघ. विमानाचं ब्रेक ऑइल लाल असतं, गुलाबी-लाल डाग दिसला तर ते पाणी नाही आणि इंजिन ऑइलही नाही.

मग आत बसून पेडल दाब. दोन्ही सारखी कडक लागली पाहिजेत, आणि दाबून दहा सेकंद धरल्यावर पाय हळूहळू खाली जात राहिला तर आत कुठेतरी तेल निसटतंय. पंप केल्यावर कडक होतं आणि सोडून परत दाबलं की मऊ, तर हवा आहे. चाकाला लावलेली अडण, म्हणजे चोक, काढल्यावर विमान पहिल्यांदा हललं की पहिल्या दोन मीटरमध्ये ब्रेक दाबून बघायचा, ही सवय आयुष्यभर सोडू नकोस.

आणि हे पण ऐक, थोडं कडू आहे. लायनिंग खाण्यात आपल्या ट्रेनी मंडळींचाही हात असतो. टॅक्सी करताना इंजिन १२०० आरपीएमला ठेवायचं आणि वेग वाढतो म्हणून पंजे ब्रेकवर टेकवून चालायचं, म्हणजे कारमध्ये अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच वेळी दाबण्यासारखंच आहे. थ्रॉटल मागे घे, टाचा फ्लोअरवर ठेव, पंजा वर न्यायचा तो फक्त गरज असताना. लँडिंगला पण तसंच, टचडाऊनच्या वेळी पंजे ब्रेकवर असतील तर चाक लॉक होऊनच टेकतं आणि टायरला सपाट डाग पडतो. जास्त वेगाने उतरू नकोस, ६० नॉट्सला टेकलेल्या विमानातली ऊर्जा ५० नॉट्सला टेकलेल्यापेक्षा ४४ टक्के जास्त असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते, आणि ती सगळी शेवटी त्या दोन छोट्या डिस्कनाच पचवावी लागते. हँडबुकमध्ये सेसना १५२ चा लँडिंग रोल ४७५ फूट दिलाय, समुद्रसपाटीला आणि १५ अंश तापमानाला, तो जोरात ब्रेक मारून, कोरड्या पक्क्या रनवेवर, चांगले ब्रेक असलेल्या विमानाचा आहे. मे महिन्यातल्या दुपारी, मऊ पेडलवर, तो आकडा विसर.

डाव्या पेडलचं रजिस्टरमध्ये लिहून दे. तोंडी सांगू नकोस, लिही, आणि लिहिलेल्याचा फोटो काढून ठेव. स्नॅग क्लिअर झाल्याची सही होईपर्यंत त्यात बसायचं नाही. इन्स्ट्रक्टर रागावले तर नम्रपणे सांग की सर दुसरं विमान द्या.

प्रश्न : माझं सांगलीत टू-व्हीलर फोर-व्हीलर गॅरेज आहे. डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलेंडर सगळं आमच्यासारखंच वाटतंय, मग विमानात साधं डॉट-३ किंवा डॉट-४ ब्रेक ऑइल का चालत नाही? — एक गॅरेजवाले

उत्तर : दादा, प्रश्न एकदम नेमका विचारलात. यंत्र बहुतेक तुमच्यासारखंच आहे, पण रबर वेगळं आहे. तुमचं डॉट-३, डॉट-४ हे ग्लायकॉलचं असतं आणि तुमच्या गाडीतले सील त्याला चालतील अशा रबराचे असतात. सेसना-पायपरसारख्या विमानांत ५६०६ नावाचं लाल खनिज तेल घालतात आणि ओ-रिंग नायट्राइल रबराच्या असतात. या नायट्राइलवर ग्लायकॉलवालं तेल पडलं की ती फुगते, मऊ पडते, आणि पुढे फाटते. उलटंही तितकंच खरं, तुमच्या गाडीत खनिज तेल घातलं तर तुमचे सील जातील. मुद्दा असा की घातल्याबरोबर काही होत नाही, पेडल मस्त कडक लागतं, आणि मग काही दिवसांनी भर लँडिंगला दगा देतं. म्हणून चुकून गेलंच, तर नुसतं काढून दुसरं भरायचं नाही, पूर्ण सिस्टिम धुऊन सगळे सील बदलायचे.

५६०६ चा एक दोषही सांगतो, ते पेट घेऊ शकतं, त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास धरलाय. तापलेल्या डिस्कवर गळलं तर आग. सिरस कंपनीच्या छोट्या विमानांमध्ये पुढचं चाक पायाने वळत नाही, मोकळं फिरतं, त्यामुळे जमिनीवर वळायला सारखा एका बाजूचा ब्रेक मारावा लागतो, ब्रेक तापतात, म्हणून कॅलिपरवर तापमान दाखवणारे स्टिकर लावतात, जास्त तापलं की ते काळे पडतात आणि प्री-फ्लाइटला ते बघायचे असतात.

अजून एक फरक तुमच्या कामाचा आहे. एअर काढताना तुम्ही वरून तेल ओतून, पेडल मारून, खालच्या निप्पलमधून काढता. आम्ही बऱ्याचदा उलटं करतो, खालच्या निप्पलमधून दाबाने तेल वर ढकलतो, म्हणजे बुडबुडे आपसूक वर टाकीत जातात. आणि नवीन लायनिंग बसवलं की तसंच उडवत नाहीत, ते आधी सेट करतात. साध्या ऑरगॅनिक लायनिंगला साधारण १५०० फूट टॅक्सी करायची, इंजिन १७०० आरपीएमला ठेवून आणि ब्रेक दाबून वेग धावणाऱ्या माणसाएवढा राखून, मग १०-१५ मिनिटं थंड होऊ द्यायचं, मग पॉवर लावून ब्रेक धरतो का बघायचं. याने लायनिंगवर एक गुळगुळीत काचेसारखा थर बसतो. हे न करता विमान सोडलं तर नवीन लायनिंगही नीट धरत नाही आणि लवकर संपतं, मग म्हणतात मालच खराब आला.

प्रश्न : मोठ्या प्रवासी विमानांतही असंच होऊ शकतं का? — एक आजोबा, ठाणे

उत्तर : आजोबा, निश्चिंत प्रवास करा. तिथे एका बाजूला एकापेक्षा जास्त चाकं, ब्रेकला तेलाच्या एकापेक्षा जास्त वाटा, चाक लॉक होऊ न देणारी अँटीस्किड यंत्रणा, शिवाय पंखांवरचे स्पॉयलर आणि इंजिनचं रिव्हर्स थ्रस्ट. लायनिंग किती उरलंय हे दाखवणारी एक पिन ब्रेकलाच बसवलेली असते, ती आत गेली की बदलायचं. शिकाऊ विमानात यातलं काहीच नसतं, तिथे बघणाऱ्याचे डोळेच काय ते.

प्रश्न : सर, मी एका फ्लाइंग क्लबमध्ये टेक्निशियन आहे, बी १.२ लायसन्स (पिस्टन इंजिनच्या विमानांच्या देखभालीवर सही करायचं) नुकतंच हातात आलंय. ब्रेकचे स्पेअर वेळेवर येत नाहीत. मालक म्हणतात आज ब्लीड करून सोड, उद्या ओ-रिंग येईल, पोरांचे तास राहिलेत. सही माझी असते. नाही म्हणालो तर नोकरीचं काय? नाव छापू नका.

उत्तर : नाव छापणार नाही. तुझं पत्र वाचताना मला माझी पहिली दोन वर्षं आठवली.

लायसन्स मिळून चार महिने झाले असतील, एका क्लबमध्ये होतो. संध्याकाळी एक विमान आलं, ब्रेक मऊ. मी एअर काढली, पेडल कडक झालं, पेन काढलं. आमचे एक जुने मेकॅनिक होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, शिक्षण फार नाही, सहीचा अधिकार पण नाही. त्यांनी काही न बोलता चाकाखाली जॅक लावला आणि कॅलिपरचे दोन बोल्ट सोडले. पिस्टन काढून ओ-रिंग माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, नख फिरव. बघून काहीच दिसत नव्हतं. नख फिरवलं तर एका जागी अडकलं, केसाएवढी चीर. ती रिंग घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एक मुलगा सोलोला जाणार होता, त्याचं नाव बोर्डवर लिहिलेलं मला समोर दिसत होतं. त्या दिवसापासून मी मऊ ब्रेकचं विमान कॅलिपर उघडल्याशिवाय सोडलेलं नाही.

तुझ्या मालकाला पोरांच्या तासांची काळजी आहे हे मी खोटं म्हणत नाही. सीपीएलला २०० तास लागतात, पावसाळ्यात दिवस वाया जातात, पालकांचे फोन येतात, विमानं कमी असतात. पण हे कारण सहीच्या रकान्यात लिहिता येत नाही. तिथे तू असं लिहितोस की हे विमान मी बघितलं आणि ते उडायला योग्य आहे, आणि उद्या काही झालं तर मालकाचं ‘आज सोड’ कुठेच लिहिलेलं नसेल, तुझा लायसन्स नंबर लिहिलेला असेल.

मालकाशी भांडू नकोस. त्यांना हँगरमध्ये बोलाव, कॅलिपर उघडून दाखव, रिंग त्यांच्या हातात दे. निम्मे लोक तिथेच थांबतात, हा माझा अनुभव आहे. ओ-रिंग आणि लायनिंगचे दोन सेट कायम स्टोअरमध्ये राहतील अशी लेखी मागणी दे, ओ-रिंग म्हणजे विमानातली जवळपास सगळ्यात स्वस्त वस्तू, तिच्यासाठी विमान उभं राहणं कुणालाच परवडत नाही. एकाच चाकाची तक्रार ३० दिवसांत दुसऱ्यांदा आली तर ब्लीड न करता उघडायचं, असा नियम तुमच्या क्वालिटी मॅनेजरकडून लिहून घे, म्हणजे दर वेळी तुला एकट्याला नाही म्हणावं लागणार नाही. तरीही दबाव आलाच तर डीजीसीएकडे (देशाच्या विमान वाहतूक नियामकाकडे) ऐच्छिक रिपोर्ट करायची सोय आहे, ती वापर.

आणि आजच्यापुरतं म्हणशील तर रजिस्टरमध्ये लिही, ‘राइट ब्रेक कॅलिपर ओ-रिंग खराब, स्पेअर उपलब्ध नाही, विमान ग्राउंडेड’, तारीख आणि वेळ टाक, बोर्डवरून त्या विमानाचा नंबर पूस, कंट्रोल कॉलमला लाल टॅग बांध, चावी काढून स्टोअरमध्ये जमा कर, आणि मग घरी जा.